मुलांच्या हातात कोणती कोंबडी द्यायची?

घरात लहान मुलं आहेत, कोंबड्या पाळायच्या आहेत, तर कुठली जात घ्यावी असं कुणी विचारलं की उत्तरं धडाधड येतात. सिल्की घ्या, कोचीन घ्या, ऑर्पिंग्टन घ्या, एकदम गरीब असतात, मुलांनी कसंही उचललं तरी हूं की चूं करत नाहीत. यादी चुकीची नाहीये, या जाती खरंच शांत आहेत. पण मी मात्र त्या "हूं की चूं करत नाहीत" पाशीच अडते. कारण कोंबडी गप्प बसते याची कारणं दोन असू शकतात, एक म्हणजे तिला तुमची भीती वाटत नाही, आणि दुसरं म्हणजे भीतीनं तिची वाचाच बसलीय. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि सात वर्षाच्या पोराला तर नक्कीच.

कोंबडीला उताणं केलं आणि छातीवर हलकासा हात ठेवला की ती थोड्या वेळात निपचित पडते, हे बऱ्याच मुलांना कुणीतरी दाखवलेलं असतं. "आई बघ, मी हिला झोपवली!" दिसायला खरंच जादू वाटते. १६४६ साली किर्चर नावाच्या जर्मन जेझुइट पंडितानं हेच लिहून ठेवलंय, कोंबडीचे पाय बांधायचे, तिला जमिनीवर टेकवायचं, चोचीपासून सरळ खडूची रेघ ओढायची, मग पाय सोडले तरी ती तशीच पडून राहते. त्याला हा मोठा अद्भुत प्रयोग वाटला होता. आज त्याला टॉनिक इम्मोबिलिटी म्हणतात आणि त्यात झोपबिप काही नसते, शिकारी प्राण्यानं पकडल्यावर मेल्यासारखं पडून राहायचं, त्याची पकड ढिली पडली की पळायचं, असा तो शेवटचा डाव आहे. कोंबड्यांचा अभ्यास करणारे लोक तर भीती मोजायलाच ही गोष्ट वापरतात, पक्षी जितका जास्त वेळ तसाच पडून राहील तितका तो जास्त घाबरलेला. म्हणजे आपलं पोर ज्याला "किती शांत आहे ना" म्हणतंय ती नेमकी उलटी गोष्ट असू शकते. आमच्याकडे हा खेळ बंद आहे. धाकटीला कारण सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिनं विचारलं, म्हणजे ती तेव्हा ओरडत होती का, आतल्या आत?

तर आता सिल्कीबद्दल, कारण मुलांच्या यादीत पहिलं नाव तिचंच असतं आणि का असू नये. मुळची चीनकडची जात, खूप जुनी, मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात तेराव्या शतकात मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख येतो तो हिचाच असावा असं मानतात. साध्या पिसाला बारीक बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पिसाचं सपाट पान तयार होतं, सिल्कीच्या पिसांना ते आकडेच नीट नसतात म्हणून सगळं अंग लोकरीसारखं फुललेलं दिसतं. कातडी काळी, हाडं काळी, कानाची पाळी निळसर, आणि पायाला चारच्या ऐवजी पाच बोटं. लहान मुलाला याहून जास्त काय पाहिजे. शिवाय ती उडू शकत नाही, वजनाला हलकी, मांडीवर ठेवली तर बसून राहते.

पण तेच मऊ पीस पावसात भिजतं आणि मग ती थंडीनं कुडकुडते, साध्या कोंबडीच्या अंगावरून पाणी ओघळून जातं तसं हिच्या अंगावरून जात नाही. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, त्यामुळे तिला बाजूनं येणारा हात दिसतच नाही, एकदम अंगावर काहीतरी आलं असं वाटून ती दचकते (झुपका थोडा कातरला तर बराच फरक पडतो, मुलांना हे काम फार आवडतं पण कात्री मोठ्यांच्याच हातात). आणि बऱ्याच सिल्कींच्या कवटीला वरून फुगवटा असतो, तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं तिथे जोरात चोच मारली किंवा पोराच्या हातून ती डोक्यावर पडली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. इतकी नाजूक, आणि स्वभाव असा की तक्रार करणार नाही. मला विचाराल तर सिल्की हा चार-पाच वर्षाच्या मुलाचा पक्षी नाही, तो दहा-बारा वर्षाच्या, हाताला जरा धीर आलेल्या मुलाचा पक्षी आहे. लोक नेमकं उलटं करतात, सगळ्यात लहान मुलाला सगळ्यात गरीब कोंबडी.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला वाटतं पाळणाऱ्या प्रत्येक घरात मुलांना पहिल्या दिवशी सांगायला हवी. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू नसतो. तिला श्वास घ्यायचा तर छातीचं हाड पुढं-मागं हलावं लागतं, तेव्हा कुठं आत हवा खेचली जाते. आता पोरानं प्रेमानं तिला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळलं की ते हाडच हलत नाही. कोंबडी धडपडत नाही म्हणून पोराला वाटतं तिला मिठी आवडली. उचलायचं कसं तर एक तळवा छातीखाली, दोन बोटांमध्ये पाय, दुसरा हात पंखांवरून, इतपतच की पंख फडफडणार नाहीत, आणि अंगाशी टेकवायचं पण दाबायचं नाही. मोठ्या माणसालाही हे दोन-चार वेळा केल्याशिवाय जमत नाही. आणि जमिनीवर बसूनच उचलायचं, उभ्यानं नाही.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात पेर येन्सेन यांच्या गटानं एक फार छान काम केलंय. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, तर या लोकांनी रानकोंबड्याच घेतल्या आणि पिढ्यानपिढ्या फक्त एकच गोष्ट बघून निवड केली, माणसाला कोण कमी घाबरतं. बाकी काही बघायचं नाही, रंग नाही, अंडी नाही. काही पिढ्यांतच कमी घाबरणाऱ्यांच्या ओळीत इतरही बदल दिसायला लागले, आकार मोठा झाला, आणि मला सगळ्यात मजा वाटली ती ही की हे पक्षी आपसात जास्त वरचढ निघाले. म्हणजे माणसाला न घाबरणारी कोंबडी ही दबून राहणारी कोंबडी असेलच असं नाही, बऱ्याचदा ती चांगली धीट असते, स्वतःचं बरोबर बघणारी.

आणि मुलांच्या घरात मला तीच हवी. जी आपणहून जवळ येते, बुटाच्या नाडीला चोच मारून बघते, उचललेलं नको असेल तर सरळ कलकलाट करून खाली उतरते आणि दोन मिनिटांनी परत येते. तिच्याकडून मुलाला लगेच कळतं की आता नको म्हणते आहे. जी काहीच म्हणत नाही तिच्या बाबतीत मोठ्यांना सारखं डोळ्यात तेल घालून बसावं लागतं.

या हिशोबानं माझ्या पसंतीत पहिली येते ती प्लिमथ रॉक, त्यातही ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. अमेरिकेतली जात, एकोणिसाव्या शतकातली. शांत आहे पण मंद नाही, तिच्याकडे सतत काहीतरी चाललेलं असतं, फावडं उचललं की हिचं लक्ष आधी, खाली किडे निघणार हे तिला माहीत. मुलं मातीत खेळत असतील तर ती मधे घुसतेच. वजनाला तीन किलोच्या वर जाते त्यामुळे लहान मुलाला ती सहज उचलता येत नाही आणि हे मी फायद्याच्या बाजूला धरते. सक्तीनं उचलता न येणाऱ्या कोंबडीशी मैत्री करायची तर दाणे घेऊन बसावं लागतं, थांबावं लागतं. ठिपक्यांची ससेक्स पण अशीच, उलट जरा जास्तच चौकस, घराचं दार उघडं राहिलं तर ती स्वयंपाकघरात सापडणार. आणि ऑस्ट्रेलॉर्प. काळी कुळकुळीत, उन्हात हिरवी झाक मारणारी, ऑस्ट्रेलियात ऑर्पिंग्टनपासूनच तयार केलेली जात. १९२२-२३ मध्ये सहा ऑस्ट्रेलॉर्प कोंबड्यांनी मिळून ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती, म्हणजे प्रत्येकी तीनशेच्या वर, आणि तेही आजच्यासारखे दिवे लावून दिवस लांबवण्याची सोय नसताना. तुमच्या घरची काही तेवढी देणार नाही, पण रोज सकाळी अंडं आणायला पळणाऱ्या मुलाचा उत्साह टिकेल एवढी नक्की देते.

अंड्यांचा मुद्दा मुलांच्या बाबतीत लोक विसरतात. गरीब म्हणून गाजलेल्या बऱ्याच जाती खुडूक बसण्यातही पटाईत आहेत. सिल्की, कोचीन, ऑर्पिंग्टन, या सगळ्या. खाली अंडं असो नसो, खुडूक कोंबडी घरट्यात ठाण मांडून बसते, अंडी देणं बंद, खाणंपिणं कमी, २१ दिवस उबवायचे असतात पण खाली काहीच नसेल तर ती त्याहून जास्तही बसून राहते. आणि तेव्हा तीच कालपर्यंत मांडीवर बसणारी कोंबडी फुगून डबल होते आणि हात घातला की चोच मारते. मुलांना हा मोठा धक्का असतो. "ही बदलली, ही वाईट झाली" वगैरे. तसंच पिसं झडायच्या दिवसांत, नवीन पीस फुटताना त्याच्या देठात रक्त असतं, तिथं हात लागला की दुखतं, मग ती हाताखालून निसटते. यात जातीचा काही दोष नाही, सगळ्याच करतात, पण आधी सांगून ठेवलं तर पोरं रुसत नाहीत.

कोचीन आणि ब्रह्मा या दोघी मोठ्या. १८४०च्या दशकात चीनमधून अशा मोठाल्या, पायावर पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंडात पोचल्या तेव्हा लोक अक्षरशः वेडे झाले होते, इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचा जणू ताप चढला होता, किमती कुठल्या कुठे गेल्या, १८५२ मध्ये बर्नहॅम नावाच्या अमेरिकन माणसानं व्हिक्टोरिया राणीला नऊ ब्रह्मा भेट म्हणून पाठवल्या. स्वभावानं दोन्ही जाती खरंच थंड, कोंबडेसुद्धा बऱ्यापैकी सभ्य. पण ब्रह्माचा कोंबडा पाच किलोच्या वर जातो आणि चार वर्षाच्या मुलाच्या जवळजवळ छातीला येतो, कितीही सभ्य असला तरी तो दाणे बघून पळत आला की मूल किंचाळत सुटतं. एकदा मुलाच्या मनात ती भीती बसली की निघायला फार वेळ लागतो. या जड जातींच्या पायावरची पिसं चिखलात बरबटतात, आणि उंचावरून उडी मारली की तळव्याला मार बसून फोड होतो, त्यामुळे बसायची दांडी खाली लावायची. ऑर्पिंग्टन मला या गटातली सगळ्यात बरी वाटते. विल्यम कुकनं १८८६ मध्ये इंग्लंडात काळी ऑर्पिंग्टन काढली, ती लोकांची लाडकी बदामी ऑर्पिंग्टन १८९४ ची. फुगीर, निवांत, आणि स्वभावानं जरा आळशी.

आता नको कुठल्या. पांढरी लेगहॉर्न अंड्यांना तोड नाही पण भारी भित्री, मूल धावत आलं की ही कुंपणावर. पोलिश दिसायला झकास, डोक्यावर तुऱ्याच्या जागी पिसांचा गुच्छ, पण त्याच गुच्छामुळे तिला दिसत नाही आणि ती सदा दचकलेली. ऱ्होड आयलंड रेड काटक आहे, अंडी भरपूर, माणसाळतेही, पण दादागिरी करते आणि हिचे कोंबडे मारके निघण्याबद्दल बदनाम आहेत. बँटम म्हणजे छोट्या आकाराच्या जाती, छोटी म्हणून मुलांना बरी असं वाटतं पण ते सरसकट खरं नाही, सेब्राइटसारख्या छोट्या जाती पाखरासारख्या उडतात, उलट पेकिन बँटम खरोखर मुलांजोगी. आणि गंमत म्हणजे असील. झुंजीसाठीच घडवलेली जात, पिल्लं काही आठवड्यांची झाली की आपसात भिडायला लागतात, पण माणसाशी मात्र बऱ्याचदा इतकी विश्वासानं वागते की बघणारा चाट पडतो. असील मुलांना घ्या असं मी कुणालाच म्हणणार नाही, रोजची रक्तबंबाळ भांडणं कोण सोडवणार. पण कोण कुणाशी गरीब हे विचारल्याशिवाय गरीब म्हणण्याला अर्थ नाही, हे तिच्याकडे बघून पटतं.

कळपातला कारभार तर वेगळाच. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते हे १९२१ मध्ये नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरप-एब्बे यांनी आपल्या प्रबंधात मांडलं, आणि त्यांना हे वेड लहानपणापासून होतं, पोरवयातच ते कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी करायला लागले होते. मुलांना हे सांगून बघा, कोण आधी दाण्याला येतं, कोण कुणाला हुसकावतं, वहीत लिहायला लावा. कोंबडी मांडीवर घेण्यापेक्षा हा खेळ जास्त दिवस टिकतो. आमच्या थोरल्याला कोंबडी हातात धरायला अजिबात आवडत नाही, पण कुणाचा नंबर कितवा हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल. आणि या उतरंडीतच सगळ्यात गरीब जातींचे हाल होतात. फ्रान्सची फावेरोल घ्या, गालावर दाढी, पायाला पाच बोटं, पायावर पिसं, स्वभावानं इतकी सालस की लोक प्रेमात पडतात, पण ऱ्होड आयलंड रेडबरोबर ठेवली की मार खाऊन कोपऱ्यात. तेव्हा रंगीबेरंगी हवं म्हणून प्रत्येक जातीची एकेक आणायची हौस असते ना, ती जरा आवरायची. सिल्की आणायच्या तर सिल्कीच आणा, फार तर जोडीला पेकिन किंवा फावेरोल.

कोंबड्याबद्दल माझं मत कडक आहे. लहान मुलं असतील तर कोंबडा नको. अंड्यासाठी त्याची गरजच नसते, पिल्लं हवी असतील तरच लागतो. पिल्लू असताना गोड, खांद्यावर बसणारा, मुलांनी नाव ठेवलेला कोंबडा पाच-सहा महिन्यांत वयात येतो आणि एक दिवस पंख खाली पाडून तिरका तिरका नाचत येतो, मानेची पिसं उभी, आणि मुलांना वाटतं खेळतोय. त्यानं उडी मारली की पायामागचा काटा आणि मुलाचा चेहरा जवळजवळ एकाच उंचीवर येतात, सांगायला नको. अडचण अशी की पिल्लं घेतली तर निम्मी कोंबडे निघू शकतात, आणि सिल्कीत तर नर की मादी हे चार-पाच महिने कळतच नाही, "राणी" नाव ठेवलेली एक दिवस पहाटे आरवते. म्हणून मला तलंग घेणं बरं वाटतं, म्हणजे अंड्यावर यायला आलेली तरणी कोंबडी. पिल्लापासून हातावर वाढवल्याचा फायदा आहे, पहिल्या काही आठवड्यांत रोज हळुवार हाताळलेली पिल्लं माणसाला कमी घाबरतात, पण ते काम ज्याच्याकडून घेताय त्यानं केलंय का हे विचारता येतं. खुराड्यात जाऊन दोन मिनिटं खाली बसून बघा, मुलाला बरोबर घेऊन. सगळ्या समोरच्या भिंतीला चिकटल्या की जात कितीही नावाजलेली असो, सोडून द्या.

आणखी एक, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कोंबड्या, विशेषतः पिल्लं, हाताळू देऊ नयेत असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, तो पिसांवर, पायांवर लागतो, आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. मुका घ्यायचा नाही, तोंडाजवळ न्यायची नाही, आणि हात लावला की साबणानं हात धुवायचे, अंडं गोळा केलं तरी धुवायचे. चेहऱ्याजवळ न नेण्याचं दुसरं कारण चोच, कोंबडी चकचकीत गोष्टीला टोचून बघते, कानातलं, बटण, तीळ, आणि डोळा. त्यात राग नसतो, नुसती चौकशी असते, पण डोळ्याला ते कुठं कळतं.

घ्यायच्याच असतील तर एकटी नको, निदान तीन घ्या, एका वयाच्या, एकाच वेळी. नंतर मुलाच्या वाढदिवसाला म्हणून अजून एक आणून थेट कळपात सोडली तर जुन्या तिला फाडून खातात, मग ती ऑर्पिंग्टन असो की कोचीन. आणायचीच झाली तर दोन आणा, आणि पहिले काही दिवस मधे जाळी ठेवा.